वारं गेलं म्हणतात ते

अगं, रडणं थांबव आधी. तुझा ‘प’ आणि ‘ब’ फुसका निघतोय, त्यावरूनच मी ओळखलं, तोंड वाकडं झालंय. चूळ भरताना पाणी ओघळतंय, डावा डोळा मिटत नाही. सासूबाई म्हणतात, फडावर गारठ्यात झोपली, वारं गेलं. त्यांच्यावर चिडू नकोस, आपल्या बीडकडं सगळे हेच म्हणतात.

आता आरशासमोर उभी राहा आणि कपाळाला आठ्या घाल. डाव्या बाजूला आठी पडतच नाही ना? मग बहुतेक बेल्स पाल्सी. कानामागच्या हाडाच्या बारीक बोगद्यातून चेहऱ्याची नस येते. ती सुजली की तिथंच आवळते. पण आठ्या दोन्हीकडं पडत असतील, हातपाय जड वाटत असतील, शब्द सुचत नसतील, तर फोन ठेव आणि १०८ला लाव. तो मेंदूचा झटका असू शकतो.

तसं काही नसलं तरी आजच निघ. केजहून अंबाजोगाई काही लांब नाही, स्वामी रामानंद तीर्थ कॉलेजचा सरकारी दवाखाना आहे. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू झाल्या तर खरा फायदा. स्कॉटलंडमधल्या २००७ च्या अभ्यासात त्या घेणारे शंभरातले ९४ नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. न घेणारे ८२. म्हणजे आपसूकही पुष्कळ जण बरे होतात, पण नशिबावर कशाला सोडायचं? साखर वाढते त्या गोळ्यांनी, म्हणून मधुमेह असेल, दिवस गेले असतील तर लाजू नको, सांग. कानात फोड आलेत का, तेही दाखव.

डोळ्याला मात्र जप. धूळ बसली, कोरडा पडला की बुबुळाला जखम होते. दिवसा थेंब, रात्री मलम, झोपताना पापणी हलक्या हातानं चिकटपट्टीनं बंद.

आणि एक सांगते, कुणाला बोलू नकोस. धाकट्याच्या वेळी आठव्या महिन्यात माझंही तोंड वाकडं झालं होतं. तू बारकी होतीस, आईनं घरात चकार शब्द काढू दिला नाही. चार दिवस मंतरलेल्या दोऱ्यात आणि तेलात गेले. सावरायला पाच महिने लागले. अजून हसले की तो डोळा बारीक होतो. तुझ्या लग्नाच्या फोटोत ताई डोळा मारतेय म्हणून सगळे खिदळला होतात ना, ते हेच.