साडेआठ हजार टक्के सोयाबीन

मेहकर, 20 मे

चि. ताई,

तुझा उगवणचाचणीचा तक्ता उघडला, तर पहिल्याच ओळीत सोयाबीनची उगवण 8500 टक्के! पैनगंगेकाठची जमीन चांगली आहे गं, पण इतकीही नाही.

तू आधी 85 लिहिलेस आणि मग टक्क्याचं बटण दाबलंस. एक्सेल ते चिन्ह लावताना शंभराने गुणून दाखवतं, त्याला 0.85 हवं असतं. एसपीएसएस या सांख्यिकी प्रोग्रामचं उलट. तिथे आकड्यामागे नुसतं चिन्ह लागतं, गुणाकार होत नाही, 0.85 ठेवलेस तर पुरता एक टक्काही भरायचा नाही. नवा प्रोग्राम हाती आला की आधी 0.5 टाकून काय दिसतं ते बघत जा.

दुसरं, 85.00 असे दोन शून्यांचे दागिने कशाला? त्या ओळीतल्या शेतकऱ्याने वीसच दाणे भिजवले होते, त्यातले सतरा उगवले. एक दाणा इकडचा तिकडे झाला की पाच टक्के हलतात. दुसऱ्याने शंभर भिजवले, सत्तर उगवले. तू 85 आणि 70 ची सरासरी साडेसत्याहत्तर काढलीस. दाणे एकत्र मोज: 120 पैकी 87, म्हणजे साडेबाहत्तर. प्रमाणित सोयाबीनला किमान 70 टक्के उगवण लागते, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. म्हणून भिजवलेले आणि उगवलेले हे दोन रकाने पुसू नकोस. टक्के त्यांवरून काढ, आणि चिन्ह अगदी शेवटी लाव.

पिकाच्या अंदाजाला आपल्याकडे लोक अजून आणेवारीच म्हणतात. कागदावर तिची पैसेवारी झाली, सोळा आण्यांचे शंभर पैसे झाले. पन्नास पैशांच्या आत आली की पूर्वी टंचाई धरत. आता समज, कुणाच्या तक्त्यात 0.496 आलं आणि त्याने दशांश लपवले. पडद्यावर 50 टक्के दिसणार, आत मात्र 0.496 च. सूत्र म्हणणार पन्नासच्या आत, वाचणारा म्हणणार बरोबर पन्नास. गावाने कुणाचं ऐकायचं? अशा उंबरठ्यावरच्या आकड्याला एक दशांश राहू द्यावा. वीस दाण्यांना मी तो नाकारला, इथे मागतोय. यात विसंगती वाटली तर पुन्हा वाच.

तक्ता दुरुस्त करून पाठव. मीही घरच्या बियाण्याचे शंभर दाणे मोजून काल ओल्या बारदान्यात गुंडाळलेत. आठवड्याने कळवतो, किती उगवले ते. टक्के तू काढ.

तुझा काका