चित्रातली मीना चालते कशी?

कागदावरचे चित्र जागचे हलत नाही. मग पडद्यावरची चित्रे धावतात कशी? सिनेमात १ सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून सरकतात, म्हणजे मिनिटाला १४४०! म्हणून हालचाल भासते.

‘मीना’ ही अशीच चित्रमालिका. मुलांसाठी काम करणाऱ्या ‘युनिसेफ’ने ती १९९० नंतर काढली. मीनाचे रूप मुंबईच्या राम मोहन यांनी घडवले. भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, सगळीकडे ती आपली वाटावी म्हणून आधी चित्रे दाखवून लोकांना विचारले.

पहिल्या गोष्टीत भाऊ राजू शाळेत जातो, मीनाला मात्र धाडत नाहीत. मग तिचा बोलका पोपट मिठू शाळेत जाऊन अंक शिकतो नि तिला शिकवतो. ती कोंबड्या मोजते तर एक कमी! चोर सापडतो. मग वडील तिला शाळेत घालतात.

करून पाहा : वहीच्या कोपऱ्यात उजनीच्या पाण्यावरचा रोहित पक्षी काढा. दर पानावर पंख थोडे वर न्या. पाने भरभर सोडा. मी २० पानांवर काढला, मस्त उडतो!

पालकांनो, मीनाला पोपटाकडून शिकावे लागले. आम्हा मुलींना शाळेतच शिकू द्या.