‘मी श्रेष्ठ’ : पाप की विकार?



आदम (अ.) यांच्यापुढे झुकण्यास इब्लीसने नकार दिला, तेव्हा त्याने पुढे केले ते आपले श्रेष्ठत्व : आपण अग्नीचे, आदम मातीचा (सूरह अल-अअराफ, आयत 12). इमाम गझाली यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये या रोगाचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. स्वतःवरच लुब्ध होणे हा ‘उज्ब’. तो एकांतातही संभवतो. ‘किब्र’ला मात्र तुच्छ लेखण्यासाठी दुसरा माणूस लागतो.

मानसशास्त्र एका टोकाच्या अवस्थेस ‘आत्मप्रीतीचा व्यक्तिमत्त्व विकार’ म्हणते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-नियमावलीत तो 1980 साली आला. त्याची लक्षणे नऊ : स्वतःच्या महत्त्वाची अतिशयोक्ती, अमर्याद यशाची स्वप्ने, आपण असामान्य असल्याची खात्री, स्तुतीची भूक, विशेष वागणुकीचा हक्क, दुसऱ्याचा वापर, परदुःखाविषयी असंवेदना, मत्सर आणि उद्धटपणा. तारुण्यापासून किमान पाच लक्षणे सातत्याने दिसली, तरच तज्ज्ञ निदान करतात. वरचा तोरा पाहून फसू नये. आत बहुधा टीकेने लगेच दुखावणारे, ठिसूळ मन असते.

म्हणून कडक सासऱ्याला किंवा यशस्वी शेजाऱ्याला हे नाव चिकटवू नका. सूरह अल-हुजुरातने (आयत 11) वाईट उपनामे ठेवण्यास मनाई केली आहे. वैद्यकीय शब्दाचीही शिवी होऊ शकते. नीटनेटका पोशाख आवडणे हा अहंकार नव्हे, सत्य नाकारणे व लोकांना तुच्छ लेखणे हा अहंकार, असा प्रेषित (स.) यांचा खुलासा ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे.

खरा प्रश्न त्या घरातील पत्नी-मुलांचा आहे. रोज अपमान सोसणाऱ्या भगिनीस आपण ‘सब्र कर’ एवढेच सांगून उठतो. हा सब्रचा अर्धवट अर्थ झाला. जुलूम करणाऱ्या भावालाही मदत करा, म्हणजे त्याचा हात रोखा, ही शिकवण ‘बुखारी’त आहे, आणि दांपत्यातील तेढीसाठी सूरह अन-निसा (आयत 35) दोन्ही कुटुंबांतून एकेक मध्यस्थ नेमण्यास सांगते. विकार हे वागणुकीचे कारण असू शकते, मारहाणीची सूट नव्हे.

या विकारावर ठरावीक गोळी नाही; दीर्घकाळचे समुपदेशन हाच मुख्य उपचार. अडचण अशी की, ज्याला स्वतःत उणीवच दिसत नाही, तो सहसा आपणहून जात नाही. बहुधा नैराश्य किंवा मोडलेला संसार त्याला तिथवर नेतो. घरच्यांनी मात्र त्याची वाट पाहू नये. विसरवाडीसारख्या महामार्गावरील गावातून नंदुरबारचे जिल्हा रुग्णालय गाठता येते. तेही जमत नसेल, तर शासनाच्या ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.