थायरॉईडची प्रतिपिंडे आणि गर्भपाताची भीती

एकदोन वेळा दिवस राहून गर्भपात झाल्यावर, किंवा बरेच दिवस प्रयत्न करूनही गर्भ राहत नसल्यास, ज्या रक्ततपासण्या केल्या जातात त्यांत अँटी-टीपीओ ही तपासणी हल्ली बहुधा असतेच, आणि तिचा आकडा अनेकदा शेकड्यांत येतो. कागदावर ठळक अक्षरांत छापलेला तो आकडा पाहून घाबरलेली स्त्री तो कमी करणारे औषध मागते. वास्तविक त्याच कागदावर दोन ओळी वर असलेला टीएसएचचा आकडा तिच्या दृष्टीने अधिक मोलाचा असतो.

मानेच्या पुढच्या बाजूस असलेल्या थायरॉईड ग्रंथीत संप्रेरक, म्हणजे रक्तातून शरीरभर संदेश नेणारे रसायन, तयार होण्यासाठी टीपीओ हे विकर लागते. शरीराची संरक्षक यंत्रणा कधीकधी या विकरालाच परके समजून त्याच्याविरुद्ध प्रथिने तयार करते. तीच ही अँटी-टीपीओ प्रतिपिंडे. टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक असून थायरॉईड मंदावली की ते वाढते. प्रतिपिंडे असूनही टीएसएच वर्षानुवर्षे योग्य राहिलेल्या स्त्रिया पुष्कळ आढळतात.

अशा स्त्रियांमध्ये गर्भपाताचे प्रमाण अधिक असते, ही गोष्ट खरी आहे. 1990 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रतिपिंडे असलेल्या गर्भवतींपैकी 17 टक्क्यांचा, तर नसलेल्यांपैकी 8.4 टक्क्यांचा गर्भपात झाल्याचे दिसले, आणि पुढील अनेक अभ्यासांतही हा संबंध आढळत राहिला. मात्र संबंध आढळणे म्हणजे कारण सापडणे नव्हे. संरक्षक यंत्रणेतील एखादा व्यापक बिघाड या दोहोंच्या मुळाशी असू शकतो. शिवाय गर्भारपणात संप्रेरकाची गरज वाढते आणि बाळाची स्वतःची ग्रंथी पुरेसे काम करू लागेपर्यंत, म्हणजे जवळजवळ निम्मे गर्भारपण, बाळ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते, ती वाढीव मागणी आतून पोखरलेल्या ग्रंथीला झेपत नाही, असाही एक तर्क आहे. पहिल्या तीन महिन्यांतील सुमारे निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषांमुळे होतात. म्हणून अँटी-टीपीओचा कागद हाती आला की घरातील सर्व दुःखाचा दोष त्या स्त्रीच्या शरीरावर टाकणे हे शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही.

टीएसएच योग्य असताना केवळ प्रतिपिंडांसाठी थायरॉईडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, दिल्याने गर्भ टिकतो काय, याचा शोध ब्रिटनमधील टॅब्लेट नावाच्या चाचणीत घेतला गेला. पूर्वी गर्भपात झालेल्या किंवा गर्भ न राहणाऱ्या 952 स्त्रियांपैकी काहींना गर्भधारणेपूर्वीपासून रोज 50 मायक्रोग्रॅमची गोळी व इतरांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. 2019 साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार 34 आठवड्यांनंतर जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण अनुक्रमे 37.4 आणि 37.9 टक्के होते, म्हणजे फरक पडला नाही. यावरून गोळी निरुपयोगी ठरत नाही. ती कोणासाठी आहे, एवढे त्यावरून स्पष्ट होते. टीएसएच वाढलेला असल्यास ती घ्यायलाच हवी आणि गर्भधारणेपूर्वी तो 2.5 च्या खाली आणणे इष्ट समजले जाते. प्रतिपिंडांचा आकडा मात्र पुन्हा पुन्हा तपासण्यात पैसे घालवू नयेत, कारण उपचार त्या आकड्यावर ठरत नाहीत. तो उतरावा म्हणून सेलेनियमच्या गोळ्या किंवा समुद्री शेवाळाचे अर्क मनाने घेण्यात लाभ नाही, आणि शेवाळातील जादा आयोडीन तर अशा ग्रंथीला अपायकारकच ठरू शकते.

प्रतिपिंडे असलेल्या स्त्रीने पाळी चुकून गर्भधारणा निश्चित होताच टीएसएच तपासावा, पुढे निम्मे गर्भारपण सरेपर्यंत दर चार आठवड्यांनी आणि नंतर तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा तो पाहावा. आधीपासून गोळी चालू असलेल्या स्त्रीला आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या लागू शकतात, म्हणून ही वाढ कधी करायची ते डॉक्टरांना दिवस राहण्याआधीच विचारून ठेवावे. गोळी घेण्याची रीतही महत्त्वाची असते: सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर ती घ्यावी, चहा त्यानंतर निदान अर्ध्या तासाने प्यावा, आणि गर्भारपणात दिल्या जाणाऱ्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनंतर घ्याव्यात. या साऱ्या गोळ्या एकाच डबीत ठेवून एकाच घोटाबरोबर गिळण्याची सवय घरोघरी दिसते, आणि मात्रा वाढवूनही टीएसएच न उतरण्यामागे पुष्कळदा तेवढेच कारण असते. केसांसाठी बायोटिन घेत असल्यास तेही सांगावे, कारण काही यंत्रांवर त्यामुळे अहवाल चुकीचा येतो.

बाळंतपणानंतरही ही देखरेख थांबवता येत नाही. प्रतिपिंडे असलेल्या सुमारे एक तृतीयांश ते निम्म्या स्त्रियांच्या ग्रंथीला पहिल्या वर्षभरात सूज येते, आधी धडधड व चिडचिड आणि मग गळून जाणे अशा क्रमाने ती जाणवू शकते, पण बाळंतिणीचा अशक्तपणा समजून त्यावर डिंकाचे लाडू दिले जातात. गर्भपातानंतरही अशी सूज येऊ शकते आणि त्या वेळचे रडू, झोप उडणे व थकवा हे सारे दुःखाच्या खाती जमा होते. म्हणून बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान टीएसएचची एक तपासणी अशा स्त्रीसाठी घरच्यांनी स्वतःहून करून आणावी.