गाडी खाली घेतेयस? आधी इथे बस

अगं चिमे, 2013ची स्विफ्ट व्हीएक्सआय घेतलीस, झकास केलंस. आता म्हणे ती खाली घ्यायचीय. टायर आणि मडगार्डमधली फट डोळ्यांत खुपते, आणि हात तर आखडता. ये, जरा बोलू.

नाक्यावरचा फिटर म्हणेल, ‘ताई, स्प्रिंगचा एक वेढा कापू, किरकोळीत काम.’ अजिबात नाही. सहा वेढ्यांची स्प्रिंग पाचावर आली की वीस टक्के ताठ होते. शॉकअप मात्र जुन्याच मापाचे. मग खड्डा गेला तरी गाडी उसळतच राहते. शिवाय स्प्रिंगचं टोक वाटीत नीट टेकेल असं घडवलेलं असतं. ग्राइंडरने छाटलेलं तसं बसत नाही; चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग सैल होऊन खडखडते, जागाही सोडते. आणि कुणी गॅसने तापवून बसवतो म्हणाला, तर किल्ली उचल आणि सरळ घरी ये. पोलादाचं पाणी उतरलं की ती स्प्रिंग बसतच जाते, नाहीतर मोडते.

आता हिशोब कर. तुझ्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स 170 मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 100 मिलिमीटरचा; आपल्या गल्लीतले कोण मोजून बांधतं? गाडी 40ने खाली घेतलीस की उरले 130. त्यात आई, बाबा, मावशी बसले की गाडी आणखी दबणार, आणि पहिला मार इंजिनखालच्या ऑइल चेंबरला. तो फुटला, ऑइल सांडलं आणि तू तशीच चालवत राहिलीस, तर इंजिन जाम.

म्हणून 25-30पेक्षा जास्त नको, तेही त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या चार लोअरिंग स्प्रिंगांनी. शॉकअप गळत असतील तर पहिले पैसे तिथे घाल. स्ट्रट उतरवलाच आहे तर माउंट आणि बंप स्टॉपही बघून घे, मजुरी एकदाच पडते. नंतर अलाइनमेंट चुकवू नकोस. टो, म्हणजे चाकांच्या तोंडाची दिशा, बिघडला की नवे टायर कडेने खाल्ले जातात.

आणखी एक, हे कुणी सांगणार नाही. कंपनीच्या रचनेत बिनपरवानगी बदल केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-कप्रमाणे मालकाला बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरटीओत आधी विचार, विमा कंपनीलाही कळव. क्लेमच्या वेळी वाद नको.

खरं सांगू? तुला हवाय तो रुबाब. मग याच पिढीच्या झेडएक्सआयची 15 इंची अलॉय चाकं जुन्या बाजारात शोध. 185/65 टायरसकट त्यांचा घेर तुझ्या 165/80च्या 14 इंचींएवढाच, म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही. पण टायर रुंद, रिम मोठी, गाडी भरलेली दिसते. घेण्याआधी रिमला तडा आहे का, वाकलीय का, ते फिरवून बघ. पुढचे पैसे साठेपर्यंत स्प्रिंगांना हात लावू नकोस, आणि घासाघीस करायला मला बरोबर ने.