गोळ्या मध्येच सोडू नका

‘गोळ्यांनी जुलाब लागले, बंद करू का?’ पूनम सागरमधल्या आयाबहिणी आम्हाला विचारतात. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. अँटिबायोटिक रोगजंतूंबरोबर आतड्यातले उपयोगी जंतूही मारते, म्हणून पोट बिघडते. प्रोबायोटिक म्हणजे असेच उपयोगी जिवंत जंतू. डॉक्टरांनी त्याची कॅप्सूल दिली, तर दोन्ही औषधांत २ तासांचे अंतर ठेवा. महाग कॅप्सूल प्रत्येकाला लागतेच असे नाही. जेवणात घरचे ताजे दही घ्या. मात्र सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी दूध-दह्यासोबत घेऊ नका. औषध अंगी लागत नाही. तान्ह्या बाळाला किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक देऊ नका. जुलाब झाले तर ओआरएस पाजा. शौचातून रक्त पडले किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठा.