डिझेल पिकअप घ्यायची? आधी फेऱ्या मोजा



गेल्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत गाडीचा विषय निघाला. आंब्याच्या हंगामात भाड्याच्या गाड्यांवर एवढा पैसा जातो, मग आपलीच गाडी का घेऊ नये, असं बऱ्याच जणींचं म्हणणं पडलं. कुणी म्हणालं छोटा हत्ती घेऊया, कुणी म्हणालं डिझेलची मोठी पिकअपच बरी. मग सगळ्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही सांगा, काय घ्यायचं?"

मी काही बोलणार तेवढ्यात मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं, "आणि पावसात ती गाडी काय खाणार?"

सगळ्या हसल्या. पण घरी जाऊन वहीवर हिशोब मांडला तेव्हा कळलं, की आजींचा प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा आहे. तोच हिशोब आज तुमच्यासमोर ठेवते. आकडेमोड आहे, पण गटाचं व्याज काढता येतं त्या प्रत्येकीला ही जमेल.

डिझेलला ताकद कुठून येते?

पेट्रोलच्या इंजिनात इंधन ठिणगीने पेटतं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तिथे आधी हवा खूप जोरात दाबतात. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना, तसंच इथे होतं, फक्त कितीतरी पटीने जास्त. त्या तापलेल्या हवेत डिझेल सोडलं की ते आपोआप पेट घेतं. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली असं इंजिन चालवून दाखवलं, म्हणून इंधनालाही त्याचंच नाव पडलं.

याचे आपल्याला तीन फायदे होतात.

एक, डिझेल इंजिन कमी वेगातही जोर लावतं. आपल्या पट्ट्यातला माल फोंडाघाट चढून राधानगरीमार्गे कोल्हापूरला जातो. भरलेली गाडी वळणावर हळू झाली आणि पुढे लगेच चढ आला, तरी डिझेल गाडी इंजिन न किंचाळता ओझं ओढते. सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीत हा फरक फारसा कळत नाही. घाटात माल भरलेला असताना कळतो.

दोन, एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के जास्त उष्णता असते, आणि इंजिन ती जास्त चांगली वापरतं. म्हणून ओझ्याच्या मानाने ॲव्हरेज चांगलं पडतं. शिवाय आपल्याकडे डिझेल लिटरमागे पेट्रोलपेक्षा स्वस्त आहे.

तीन, डिझेल तालुक्याच्या कुठल्याही पंपावर मिळतं. सीएनजी स्वस्त पडतो हे खरं, पण त्याचा पंप आपल्या वाडीपासून किती लांब आहे आणि तिथे रांग किती असते, ते आधी बघावं लागतं. गॅसच्या टाक्यांचं स्वतःचं वजन असतं आणि चढावर जोरही थोडा कमी मिळतो.

लिटरचा नाही, पेटीचा हिशोब करा

गाडी घेताना सगळे विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" आपण विचारायचं, "एका पेटीला किती पडतं?"

एक उदाहरण घेऊ. जाऊन-येऊन २०० किलोमीटरची फेरी धरू. आंब्याची पेटी २० किलोची धरू. डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरू. तुम्ही करताना आपल्या पंपावरचा भाव घाला.

पेट्रोलवरची छोटी गाडी: माल ७०० किलो, म्हणजे ३५ पेट्या. घाटात लिटरला १४ किलोमीटर दिले तर फेरीला साधारण १,५०० रुपयांचं पेट्रोल. पेटीमागे ४३ रुपये.

डिझेल पिकअप: माल १,२०० किलो, म्हणजे ६० पेट्या. लिटरला १२ किलोमीटर दिले तर फेरीला तेवढंच, साधारण १,५०० रुपयांचं डिझेल. पेटीमागे २५ रुपये.

बघा, ॲव्हरेज छोट्या गाडीचं चांगलं, पण स्वस्त पडली डिझेल पिकअप. कारण तेवढ्याच पैशांच्या इंधनात तिने पंचवीस पेट्या जास्त नेल्या. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँडची दोस्त अशा सव्वा टनाच्या आणि त्याहून मोठ्या गाड्या गावोगावी डिझेलमध्येच जास्त दिसतात, त्याचं कारण हेच.

पण याच हिशोबात एक अट लपलेली आहे. हौदा भरलेला पाहिजे. त्याच पिकअपमध्ये वीस पेट्या टाकून गेलात तर पेटीमागे ७५ रुपयांचं डिझेल जळेल.

उभी गाडीही खाते

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. गाडी दारात उभी असली तरी खर्च थांबत नाही. समजा रस्त्यावर येईपर्यंत गाडीला १० लाख लागले. २ लाख आपला हिस्सा, ८ लाख कर्ज, १० टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी. मग महिन्याचा खर्च असा:

हप्ता: १७,००० रुपये
ड्रायव्हरचा पगार: १५,००० रुपये
विमा (वर्षाचा भागून): ३,००० रुपये
सर्व्हिसिंग, टायर, किरकोळ: ४,००० रुपये
एकूण: ३९,००० रुपये

म्हणजे वर्षाला ४ लाख ६८ हजार. एकही फेरी झाली नाही तरी यातला बहुतेक खर्च होणारच.

आता भाड्याच्या गाडीशी तुलना करू. त्याच फेरीला बाहेरचा गाडीवाला ६,००० रुपये घेतो असं धरा. आपली गाडी असेल तर डिझेलचे १,५०० जातात, म्हणजे एका फेरीमागे ४,५०० रुपये वाचतात. ४ लाख ६८ हजाराला ४,५०० ने भागा. उत्तर येतं १०४.

वर्षाला १०४ भरलेल्या फेऱ्या झाल्या तर गाडी आपला खर्च भरून काढते. त्याच्या वरची प्रत्येक फेरी फायद्याची. त्याच्या खाली राहिलात तर भाड्याची गाडीच स्वस्त होती आणि फरक गटाच्या बचतीतून जातो. ही बचत कशी जमते ते तुम्हाला मी सांगायला नको.

पावसात काय?

मार्च ते मे या तीन महिन्यांत आंबा आणि काजू बी मिळून महिन्याला २० फेऱ्या धरल्या तर ६० होतात. उरलेल्या ४४ फेऱ्या नऊ महिन्यांत करायच्या आहेत. महिन्याला साधारण पाच. ऐकायला कमी वाटतात, पण भर पावसात कोल्हापूरला नेण्यासारखा बाराशे किलो माल आपल्याकडे आहे का? प्रामाणिकपणे उत्तर द्या.

यावर एक वाट आहे. ती म्हणजे परतीचा माल. आपल्या आठवडी बाजारात येणारी बरीचशी भाजी घाटावरूनच येते. आपली गाडी आंबा उतरवून रिकामी परत येत असेल तर ती अर्धी कमाई रस्त्यावर सोडून येते. येताना भाजीवाल्यांचा माल भरला आणि त्याचे १,५०० रुपये भाडं मिळालं, तर एका फेरीमागे ४,५०० ऐवजी ६,००० सुटतात. मग १०४ ऐवजी ७८ फेऱ्यांतच हिशोब बसतो. हंगामाच्या ६० सोडल्या तर फक्त १८ उरतात.

पावसाळ्यात कलमं, रोपं आणि खताच्या गोण्या, गणपतीच्या आधी बाजाराचा माल, दिवाळीनंतर नारळ-सुपारी, लग्नसराईत मंडपाचं सामान. काम असतं, पण ते आपोआप दारात येत नाही. कोणती ताई फोन करणार, कोण बुकिंगची वही ठेवणार, हे गाडी घेण्याआधी ठरवा.

डिझेल कुणी घेऊ नये?

रोज पाच-दहा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या आणि पाव हौदा माल, असं काम असेल तर डिझेल घेऊ नका. १ एप्रिल २०२० पासून येणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारी जाळी असते. गाडी नीट तापून लांब पळाली तरच ती काजळी जळते. सतत छोट्या फेऱ्या केल्या की जाळी चोंदते, समोर दिवा लागतो आणि गॅरेजचं बिल मोठं येतं. अशा कामाला छोटी सीएनजी किंवा बॅटरीवरची गाडी बरी. काही डिझेल गाड्यांना डीईएफ नावाचं युरियाचं पाणीही वेगळं भरावं लागतं. आपण घेतो त्या गाडीला लागतं का, शोरूममध्ये आधीच विचारा.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. डिझेलची टाकी कधीही पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. पाइपात हवा शिरली की नुसतं डिझेल ओतून गाडी चालू होईलच असं नाही, मेकॅनिक बोलवावा लागतो. आणि माल भरून घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायला जाऊ नका. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देतो.

कागद आणि चावी

गाडीचं एकूण वजन मालासकट ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं वेगळं परमिट लागत नाही. त्याहून जड घेतली तर लागतं. फिटनेस मात्र करावंच लागतं, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी.

पासिंगपेक्षा जास्त माल भरू नका. मोटार वाहन कायद्यात त्याला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. एका दंडात चार-पाच फेऱ्यांची बचत जाते.

हौद्यात माणसं कधीच बसवायची नाहीत. लग्नाला, जत्रेला, मजुरीला, कशालाच नाही. मालगाडीच्या विम्यात असे प्रवासी येत नाहीत. अपघात झाला तर जीव जातोच, आणि भरपाई गाडीच्या मालकावर येते. ती मालक म्हणजे तुमच्यातलीच एक ताई असेल. बहुतेक गट स्वतः नोंदणीकृत संस्था नसतात, त्यामुळे आरसी बुक एखाद्या ताईच्या नावावर करावं लागतं. म्हणून गाडी घेण्याआधी गटाचा लेखी ठराव करा: हप्ता कोण भरणार, फायदा कसा वाटायचा, कागदावरची ताई गट सोडून गेली तर गाडीचं काय. आणि चावी कुणाकडे राहणार हेही त्यात लिहा. नाव ताईचं आणि चावी घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या खिशात, असं झालं की फेऱ्यांची वही आठवड्यात बंद पडते.

ड्रायव्हरचे १५,००० रुपये वाचवायचेत का? मग तुमच्यातलीच एखादी शिकू दे. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं आहे, की एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असलेली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालवता येते. चारचाकीचं लायसन काढलेली ताई पिकअप चालवू शकते. घाटाचा सराव मात्र आधी जाणत्या ड्रायव्हरसोबत करायचा.

पुढच्या बैठकीचा गृहपाठ

वहीत बारा ओळी आखा, जानेवारी ते डिसेंबर. प्रत्येक महिन्यासमोर तीन गोष्टी लिहा: कोणता माल, किती भरलेल्या फेऱ्या, परतीला काय. गेल्या वर्षी भाड्यावर खरंच किती पैसे गेले त्या पावत्या काढा. अंदाजाने लिहू नका. मग महिन्याच्या खर्चाला बाराने गुणा आणि एका फेरीमागे वाचणाऱ्या रकमेने भागा. तो तुमचा आकडा. आमच्या उदाहरणात १०४ आला, तुमचा वेगळा येईल.

वहीतल्या फेऱ्या त्या आकड्याच्या वर गेल्या तर बिनधास्त शोरूममध्ये जा आणि डिझेल पिकअप मागा. खाली राहिल्या तर लाजू नका. शेजारच्या दोन-तीन गटांच्या वह्या एकत्र करून बघा. एका गटाला जड होणारी गाडी ग्रामसंघाला झेपू शकते.

बैठकीला येताना वही आणा. आजींना पुढे बसवू, आणि पावसाचे चार महिने त्यांनाच तपासायला देऊ.

तुमची,
क्षेत्र समन्वयक